सात हिस्से कुठून आले?

गरीब देशाला वर यायचं असेल तर भांडवल हवं, हे खरंच आहे. पण नुसतं भांडवल फार लांब नेत नाही. पुण्याजवळच्या भोसरीतली एखादी छोटी शेड, म्हणजे लहान कारखाना, घ्या. मालकाने दुसरं सीएनसी मशीन (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारं) आणलं की माल वाढतो, तिसऱ्याने जरा कमी वाढतो आणि पाचवं आणलं तर ते चालवायला माणूसच नसतो. अर्थशास्त्रात याला घटत्या फलाचा नियम म्हणतात.

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी 1957 साली अमेरिकेची 1909 ते 1949 ची आकडेवारी तपासली. कामाच्या दर तासामागे होणारं उत्पादन त्या काळात दुप्पट झालं होतं. त्या वाढीतला जेमतेम आठवा हिस्सा वाढलेल्या भांडवलाचा निघाला. उरलेले सात हिस्से त्यांनी तंत्रप्रगतीच्या खात्यावर मांडले. सुधारलेली यंत्रं, शिक्षण, कामाची चोख आखणी, सगळं त्यात आलं.

विकसनशील देशांना इथे एक मोठी सोय आहे. तंत्र नव्याने शोधायचं नाही, शिकून घ्यायचं आहे. पण शिकणारा तयार हवा. शेडमधला सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा कारागीर, ड्रॉइंग वाचतो, टूल लावतो, पहिला जॉब (सुटा भाग) काढून मायक्रोमीटरने मोजतो. माप दोन शतांश मिलिमीटरने चुकलं तर ऑफसेट, म्हणजे मशीनमधली टूलच्या जागेची दुरुस्ती, बदलून पुढचा काढतो. तेच मशीन कच्च्या हातात दिलं की रिजेक्शनचा, म्हणजे नापास मालाचा, ढीग लागतो.

असे हात पिंपरी-चिंचवडला एका दिवसात मिळाले नाहीत. 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषध कंपनी आली, 1962 मध्ये एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली. प्लॉट, पाणी, वीज मिळू लागली. मग वाहनांचे मोठे कारखाने आले. तिथे अ‍ॅप्रेंटिस म्हणून शिकलेल्यांतल्या काहींनी पुढे स्वतःच्या शेड टाकल्या. हीट ट्रीटमेंटवाला (भाग तापवून कठीण करणारा), प्लेटिंगवाला (त्यावर धातूचा मुलामा चढवणारा) जवळच असला की छोट्या कारखान्यालाही मोठं काम घेता येतं. माझ्या मते पुण्याची खरी पुंजी हीच आहे.

हे सगळं उभं राहतं ते शाळेच्या पायावर. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. 1912 मध्ये ते फेटाळलं गेलं. दक्षिण कोरियात साठच्या दशकातच जवळपास प्रत्येक मूल प्राथमिक शाळेत जात होतं आणि तीच पिढी पुढे कारखान्यांत उतरली. आपल्याकडे शिक्षण हक्काचा कायदा संमत व्हायला 2009 साल उजाडलं.