मास्टरकार्डचे बोधचिन्ह

मास्टरकार्ड या अमेरिकी पेमेंट कंपनीची व्यापारखूण. डावीकडे लाल आणि उजवीकडे पिवळट नारिंगी अशी एकाच मापाची दोन वर्तुळे थोडी एकमेकांवर सरकलेली; ती जिथे एकमेकांवर येतात तिथला उभा, दोन्ही टोकांना निमुळता भाग भडक नारिंगी. २०१९ पासून या खुणेसोबत कंपनीचे नाव बहुतेक ठिकाणी छापले जात नाही.

ही खूण अशी का आहे, हे ती कुठे वावरते ते पाहिले की उलगडते. मास्टरकार्ड ग्राहकाला स्वतः कार्ड देत नाही, उधारी देत नाही, व्याजही लावत नाही. कार्ड एका बँकेचे, दुकानातले स्वाइप मशीन बहुधा दुसऱ्या बँकेशी जोडलेले, आणि या दोघींमध्ये व्यवहाराचा निरोप पोचवणारे व हिशेबाचे नियम ठरवणारे जाळे तेवढे मास्टरकार्डचे. त्यामुळे ही खूण कायमच दुसऱ्याच्या घरी पाहुणी असते. कार्डावर बँकेचे नाव आणि बँकेचे रंग मिरवतात, वर्तुळांना एक कोपरा मिळतो. दुकानाच्या काचेवर किंवा एटीएमवर ती इतर कंपन्यांच्या खुणांच्या रांगेत उभी असते. कार्डावरची आणि काचेवरची खूण जुळली की इथे आपले कार्ड चालेल, एवढे ग्राहकाला कळले पाहिजे. नखाएवढ्या जागेत, परक्या रंगांच्या गर्दीत झटकन ओळखू येणे हीच तिची खरी कसोटी.

१९६६ मध्ये अमेरिकेतील काही बँकांनी एकत्र येऊन इंटरबँक कार्ड असोसिएशन ही संघटना काढली. बँक ऑफ अमेरिकाचे बँकअमेरिकार्ड (पुढचे व्हिसा) तेव्हा जोरात होते आणि एकेकट्या बँकेला त्याच्याशी टक्कर देणे अवघड होते. ‘मास्टर चार्ज’ हे नाव कॅलिफोर्नियातील बँकांच्या गटाकडून इंटरबँककडे आले. साठच्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आलेल्या कार्डांवर एकमेकांत शिरलेली लाल आणि पिवळट वर्तुळे व त्यांच्यावर आडवे ‘मास्टर चार्ज’ अशी रचना होती. १९७९ साली नाव मास्टरकार्ड झाले. वर्तुळे तीच राहिली.

वर्तुळांचा अर्थ काय, याचे कंपनीचे उत्तर ‘जोडणी’ असे मोघम आहे, आणि ते मोघम असणेच बरे. एक वर्तुळ म्हणजे ग्राहक आणि दुसरे म्हणजे दुकानदार, असा अर्थ अनेकजण लावतात. पण प्रत्यक्ष व्यवहारात ग्राहक, दुकानदार आणि दोघांच्या बँका असे चार पक्ष असतात आणि कंपनी पाचवी. एकमेकींच्या स्पर्धक असूनही एकाच जाळ्यात आलेल्या बँका हा अर्थ इतिहासाला धरून अधिक पटतो. कोणताही अर्थ घेतला तरी वजन दोन वर्तुळांवर पडत नाही, ते मधल्या भागावर पडते. या चिन्हात पन्नास वर्षे जे फेरफार झाले, तेही मुख्यतः त्याच भागात झाले.

सुरुवातीला तिथे नुसता रंगांचा मिलाफ होता. १९८३ मध्ये मास्टरकार्डने बनावट कार्डांना आळा घालण्यासाठी होलोग्राम आणला, त्यात वर्तुळांऐवजी दोन पृथ्वीगोल एकमेकांत गुंतवले. १९९० च्या चिन्हात मधल्या भागात लाल आणि पिवळ्या आडव्या पट्ट्या आलटूनपालटून आल्या, फणीचे दाते एकमेकांत बसावेत तशा. १९९६ मध्ये पट्ट्या कमी आणि जाड झाल्या, अक्षरांखाली गडद सावली आली. मोठ्या फलकावर ही रचना शोभायची. लहान आकारात पट्ट्या एकमेकींत मिसळून जायच्या.

२००६ मध्ये कंपनीचे समभाग न्यूयॉर्क शेअर बाजारात आले. बँकांच्या संघटनेतून निघालेली ही संस्था आता सार्वजनिक कंपनी झाली होती, आणि त्या वर्षी कंपनीच्या कामकाजासाठी वेगळे चिन्ह काढण्यात आले. त्यात दोन वर्तुळांवर तिसरे, अर्धपारदर्शक वर्तुळ चढवले होते. परवाना देणे, व्यवहार हाताळणे आणि सल्ला देणे या कंपनीच्या तीन भूमिका त्यातून सुचवायच्या होत्या. न सांगता हा अर्थ कुणाला लागला असता, असे वाटत नाही. सुदैवाने कार्डांवर जुनी दोनच वर्तुळे राहिली.

जुलै २०१६ मध्ये पेंटाग्राम या डिझाइन संस्थेच्या मायकेल बिएरुट आणि ल्यूक हेमन यांनी सगळी भर उतरवली. पट्ट्या गेल्या, सावली गेली, वर्तुळांवर बसलेले नाव खाली किंवा बाजूला गेले आणि इंग्रजीतली दोन मोठी अक्षरे लहान झाली. त्यासाठी वापरलेल्या ‘मार्क’ या टंकाची वळणेही वर्तुळाकार आहेत. मधला भाग आता सपाट, स्वतंत्र नारिंगी रंगाचा आहे. तो पारदर्शक वाटतो, पण तसा नाही: डोळ्याला दोन वर्तुळे दिसतात, छपाईत मात्र दोन चंद्रकोरी आणि मधला भाग असे तीन आकार असतात. दोन्ही रंगांच्या मधला रंग निवडल्यामुळे हा भास होतो.

नाव वर्तुळांपासून सुटे झाल्यावर ते गाळणे सोपे होते. जानेवारी २०१९ मध्ये तो निर्णय जाहीर करताना, नावाशिवायही ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक चिन्ह ओळखतात, असे कंपनीने सांगितले. नावात ‘कार्ड’ असणे मोबाइलवरून पैसे देण्याच्या काळात अडचणीचेच होते. शिवाय व्हिसाचे चिन्ह म्हणजे रोमन अक्षरे. वर्तुळांना लिपीच नसते. पुण्याजवळच्या खडकीत जन्मलेले अजय बंगा २०१० ते २०२० या काळात मुख्याधिकारी होते, म्हणजे हे दोन्ही बदल त्यांच्याच कारकिर्दीत झाले. विपणनाची धुरा राजा राजमन्नार यांच्याकडे होती.

फेब्रुवारी २०१९ मध्ये खुणेला ध्वनीचीही जोड मिळाली: पैसे दिले गेले की वाजणारी छोटी धून. २०२१ मध्ये दृष्टिहीनांसाठी कार्डाच्या कडेला खाचा देण्याची पद्धत जाहीर झाली. क्रेडिट कार्डाला चौकोनी, डेबिटला गोल, प्रीपेडला त्रिकोणी. डोळ्यांना ही तिन्ही कार्डे एकाच जोडवर्तुळाखाली दिसतात. हाताला मात्र ती वेगळी कळावी लागतात.

याच आकाराची लाल-निळी जोडी कंपनीच्या मास्ट्रो या डेबिट कार्डांवर असते. जुलै २०२३ पासून युरोपात नवी मास्ट्रो कार्डे देणे बंद झाले असून तिथल्या अनेक बँका त्यांच्या जागी लाल-पिवळ्या वर्तुळांची डेबिट कार्डे देतात.