ध्रुवीय महासागरांची लवणता व तापमान

आर्क्टिक महासागर आणि अंटार्क्टिकाभोवतालचा दक्षिण महासागर यांच्या पाण्यात ऋतुमानानुसार व दीर्घकाळात होणारे बदल. उष्ण प्रदेशांत सागरी पाण्याची घनता मुख्यतः तापमानावर ठरते. गोठणबिंदूजवळ तो प्रभाव क्षीण होऊन थरांची रचना लवणतेच्या हाती जाते.

दर हजारी सु. ३५ लवणतेचे पाणी –१.९° से.ला गोठते. गोठताना बरेचसे मीठ बर्फाबाहेर टाकले जाते व ते खारे, जड पाणी खाली बसते. उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाचा कमी खारा थर पृष्ठभागी पसरतो. आर्क्टिकमध्ये त्यात येनिसे, लीना, ओब, मॅकेंझी या नद्यांची भर पडते.

आर्क्टिकच्या वरच्या थराखाली, साधारणपणे ५० ते २०० मी. दरम्यान, ‘थंड हॅलोक्लाइन’ असतो. त्यात खोलीबरोबर लवणता झपाट्याने वाढते, तापमान मात्र बऱ्याच खोलीपर्यंत गोठणबिंदूच्या आसपास राहते. त्याखाली अटलांटिकमधून आलेले उबदार पाणी असते. नॉर्वेजियन संशोधक नान्सेन यांच्या फ्राम जहाजावरील मोहिमेत (१८९३–९६) ते आढळले. वरच्या व खालच्या पाण्याच्या नुसत्या मिश्रणाने हा थर बनला असता, तर लवणतेबरोबर तापमानही वाढायला हवे होते. म्हणून ऑगार्ड, कोचमन व कार्मॅक यांनी १९८१ मध्ये किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रांत बर्फ गोठताना सुटलेले खारे पाणी आडवे पसरून तो बनतो, असे मांडले. रूडेल्स व सहकाऱ्यांच्या मते (१९९६) हिवाळी अभिसरणाने (जड पाणी खाली व खालचे वर जाण्याने) घुसळलेल्या थरावर उथळ समुद्रांतील कमी खारे पाणी पसरते आणि झाकला गेलेला थर हॅलोक्लाइन म्हणून उरतो. आर्क्टिकच्या यूरोप-आशियाकडील भागापुरते (यूरेशियन खोरे) हे दुसरे स्पष्टीकरण अधिक जुळते. उत्तर अमेरिकेकडील कॅनडा खोऱ्यात पॅसिफिकमधून येणारे पाणीही जमेस धरावे लागते. १९९०च्या दशकात यूरेशियन खोऱ्याच्या काही भागांतून हा थर मागे हटला व पुढे अंशतः परतला, त्यामुळे त्याच्या ऱ्हासाचा कल एकाच दशकाच्या नोंदींवरून ठरवणे धोक्याचे.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस आर्क्टिकमधून बाहेर पडलेले जादा गोडे पाणी व बर्फ उत्तर अटलांटिकभर फिरत राहिले. ही ‘महालवणता विसंगती’ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मागोवता आली. १९९०च्या दशकापासून कॅनडा खोऱ्यावर वर्तुळाकार फिरणाऱ्या बोफर्ट चक्रप्रवाहात गोडे पाणी साठत गेले आहे.

दक्षिणेत वेडेल समुद्रातील बर्फात १९७४–७६ च्या हिवाळ्यांत प्रचंड मोकळे पाणी (पॉलिन्या) दिसले. खोल अभिसरणाने वर आलेली उष्णता हे त्याचे मान्य कारण. रॉस समुद्राचे पाणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कमी खारे होत गेले. बर्फाखालील हिवाळी निरीक्षणे विरळ असल्याने हत्ती सीलांवर बसवलेल्या उपकरणांचाही आधार घेतला जातो. पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरील केप डार्नलीजवळ तळजल (सागरतळाशी पसरणारे थंड, जड पाणी) तयार होत असल्याचा पुरावा अंशतः त्यांतूनच मिळाला.