दिवसाचा हिशेब ते दिवसाचा अर्थ : रोजनिशीची पार्श्वभूमी

रोज रात्री वहीत चार ओळी लिहाव्यात म्हणजे जगण्याचा अर्थ उलगडत जातो, असे हल्ली इतक्या सहजपणे सांगितले जाते की ही सवय त्यासाठीच जन्माला आली असावी, असा समज व्हावा. प्रत्यक्षात रोजच्या नोंदीचे मूळ बव्हंशी हिशेबात आहे. कधी पैशाच्या आणि कारभाराच्या, कधी स्वतःच्या वागण्याच्या. साध्यासुध्या दिवसात आपल्याला मोलाचे काय वाटले, हे पद्धतशीरपणे लिहून तपासणे ही त्या मानाने अलीकडची गोष्ट आहे.

मराठी मुलखापुरते बोलायचे तर कारभारी नोंदींचा सर्वांत मोठा साठा पेशवे दप्तरात आहे. जमाखर्च, इनामे, दंड, किल्ल्यांची व्यवस्था, तंट्यांचे निवाडे असा मजकूर तेथील रोजनिश्यांत नोंदला जात असे. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतून उतारे निवडले आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली त्यांवर प्रस्तावनारूप निबंध लिहिला. बखरी आणि ग्रँट डफसारख्या इंग्रज इतिहासकारांचे ग्रंथ राजकीय घडामोडींतच गुंतून पडतात. लोक कसे राहत होते, कशात रमत होते, त्यांच्या समजुती आणि चालीरीती काय होत्या, याचा पत्ता त्यांतून लागत नाही, आणि ही उणीव रोजनिश्या भरून काढतात, असे रानड्यांचे म्हणणे होते. कारकुनाने नेमून दिलेले काम म्हणून टिपलेल्या मजकुरातून पुढच्या पिढ्यांना समाजाचे जगणे दिसले, हे खरेच. पण तो कारकून स्वतः त्यात कुठेही नाही.

स्वतःला जाब विचारण्याची परंपरा याहून निराळी आणि पुष्कळच जुनी आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका पहिल्या शतकात सांगतो की, रात्री दिवा नेला आणि त्याची ही सवय ठाऊक असलेली पत्नी गप्प झाली की तो दिवसभराच्या आपल्या बोलण्या-वागण्याची उलटतपासणी घेतो. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने अशा तपासणीसाठी चक्क तक्ता आखला: तेरा सद्गुणांच्या तेरा ओळी, आठवड्याच्या सात वारांचे सात रकाने, आणि जिथे चूक झाली त्या चौकटीत काळा ठिपका. छापखान्याचा धंदा सांभाळणाऱ्या माणसाला नीतीचीही खतावणीच सुचावी, यात नवल नाही. या पद्धतीत दोष सापडतात, सुधारणाही होत असेल. दिवस कसा वाटला, हे मात्र त्या ठिपक्यांतून कळण्याची सोय नाही.

महाराष्ट्रात ही आत्मतपासणी एकोणिसाव्या शतकात धर्मसुधारणेच्या वाटेने नव्याने आली. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाच्या उपासनेत तुकोबांच्या अभंगांना मानाचे स्थान होते, आणि ‘आपुलाचि वाद आपणासी’ म्हणणाऱ्या तुकोबांचे बोट धरून सुशिक्षितांना अंतर्मुख होणे परके वाटले नाही. याच वर्तुळातले महर्षी विठ्ठल रामजी शिंदे रोजनिशी लिहीत. ती पुढे गो. मा. पवार यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाली. १९३० च्या कायदेभंगात शिंदे येरवड्याच्या तुरुंगात होते, आणि त्याच वर्षी दांडीयात्रेत गांधीजींनी आपल्या सत्याग्रहींना प्रार्थना आणि सूतकताई यांच्याबरोबर रोज डायरी लिहिण्याचाही नेम घालून दिला होता. गांधीजींची डायरीविषयीची दृष्टी शिस्तीची, म्हणजे पुन्हा हिशेबाचीच. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई यांनी तर १९१७ पासून १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये मृत्यू येईपर्यंत डायरी लिहिली, पण तिच्यात महादेवभाई शोधावे लागतात आणि गांधीजी पानोपानी भेटतात.

वळण घेतले ते लंडनमधल्या मॅरियन मिल्नर या मानसशास्त्र शिकलेल्या तरुणीने, आणि या सगळ्या इतिहासात तिचे महत्त्व मला सर्वांत अधिक वाटते. बाहेरून पाहता तिचे बरे चालले होते, पण आपण दुसऱ्यांच्या अपेक्षांवर जगतो आहोत आणि आपल्याला नेमके काय हवे आहे हे ठाऊकच नाही, अशी रुखरुख तिला होती. १९२६ साली तिने डायरी सुरू केली ती आपल्याला आनंद कशाने होतो, हे टिपण्यासाठी. सुरुवातीला तिच्या नोंदी इच्छांच्या यादीसारख्या होत्या. पुढे तिच्या ध्यानात आले की ज्या गोष्टींनी आनंद व्हायला हवा असे ती धरून चालली होती त्या वेगळ्या, आणि प्रत्यक्षात आनंदाचे क्षण येतात ते वेगळे. शिवाय हा फरक प्रसंगापेक्षा लक्ष देण्याच्या तऱ्हेवर अवलंबून होता: हेतूच्या मागे धावणारे अरुंद लक्ष आणि काहीच मिळवायचे नसताना पसरणारे मोकळे लक्ष. संगीत ऐकताना किंवा नुसते पाहत बसताना हे दुसरे लक्ष जागे झाले की तोच प्रसंग तिला भरलेला वाटे. लेखणी न अडवता लिहीत गेल्यास, आपण असा विचार करतो याची आपल्याला कल्पनाही नसलेल्या गोष्टी कागदावर उतरतात, हेही तिने नोंदवले. हे सारे १९३४ साली ‘जोआना फील्ड’ या टोपणनावाने पुस्तकरूपात आले. पुढे ती मनोविश्लेषक झाली.

प्रयोगशाळेत हा विषय शिरला तो १९८६ साली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला लागलेल्या प्रसंगाविषयी लिहायला सांगितले. लिहून झाल्यावर लगेच त्यांना बरे वाटण्याऐवजी वाईटच वाटले, मात्र घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या खेपा पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ साली आला तेव्हा सरासरी परिणाम खरा, पण लहान निघाला. डायरीचे गुणगान करणाऱ्या मजकुरात ही गोष्ट क्वचितच दिसते. पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिखाणातले शब्द मोजले तेव्हा आढळले की, ज्यांच्या मजकुरात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत कार्यकारणभाव आणि उमज दाखवणारे शब्द वाढत गेले, त्यांना अधिक लाभ झाला. पहिल्याच दिवशी सगळी कथा नीट जुळवून आणलेल्यांना तेवढा झाला नाही.