इंडेक्स फंड घेण्याआधी: पट्टीवर न येणारी कपात

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मार्केट यार्डात हळद विकली की पट्टी हातात पडते. पोती किती, वजन किती, भाव काय निघाला, हमाली-तोलाई किती कापली, सगळे लिहिलेले. सांगलीच्या माणसाला ही पट्टी वाचायला शिकवावे लागत नाही. दहा रुपये जादा कापले तरी तो पेढीवर जाऊन उभा राहतो. तोच माणूस म्युच्युअल फंडाची फाइल घेऊन आमच्याकडे येतो आणि खर्चाचे विचारले की म्हणतो, "खर्च कसला? मी तर काहीच भरत नाही."

भरता, फक्त पट्टी येत नाही. फंडाचा वर्षाचा खर्च, म्हणजे एक्स्पेन्स रेशो, रोज थोडा थोडा वजा होतो आणि तुम्हाला दिसते ती एनएव्ही (एका युनिटचा भाव) तो वजा जाऊन उरलेली. बाजार पडला म्हणून त्या वर्षी कपात थांबत नाही.

एक हिशोब करून पाहू. निवृत्तीचे १० लाख रुपये २० वर्षांसाठी ठेवले आणि खर्चाआधी वर्षाला ११ टक्के मिळाले असे धरू (धरू म्हटले आहे, हमी कोणीच देत नाही, देत असेल तर त्याच्याकडून उठून या). खर्च ०.३ टक्का असेल तर सुमारे ७६ लाख होतात. खर्च १.८ टक्के असेल तर सुमारे ५८ लाख. दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण गेले १८ लाख. मूळ रकमेच्या पावणेदोन पटीहून थोडे जास्तच.

इंडेक्स फंड करतो काय?

जवळजवळ काहीच नाही, आणि तेच त्याचे काम. निफ्टी ५० हा मोठ्या ५० कंपन्यांचा निर्देशांक (इंडेक्स) घ्या. त्यात ज्या कंपन्या ज्या प्रमाणात आहेत, त्यांचे शेअर तसेच घेऊन ठेवायचे. कोणता शेअर वर जाईल याचा अंदाज बांधायला पगारी माणसे लागत नाहीत, म्हणून खर्च कमी. अमेरिकेत जॉन बोगल यांनी १९७६ साली सामान्य गुंतवणूकदारांसाठी असा फंड काढला तेव्हा लोकांनी त्याला 'बोगलचा मूर्खपणा' म्हटले होते. आपल्याकडचा पहिला ईटीएफ (शेअर बाजारात शेअरसारखा विकत मिळणारा फंड), निफ्टी बीज, डिसेंबर २००१ मध्ये आला.

"सरासरीवर समाधान का मानायचे?" हा प्रश्न आम्हाला हमखास येतो. उत्तर साधे आहे. सगळ्या गुंतवणूकदारांचे पैसे एकत्र केले की होतो तोच बाजार. त्यात एकाने सरासरीपेक्षा दोन रुपये जास्त कमावले, तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून आलेले असतात. त्यातून खर्च वजा केला की हुशारीने निवड करणाऱ्यांची सरासरी बाजाराच्या खालीच बसते. काही जण वर राहतात, नाही असे नाही. पण पुढची २० वर्षे कोण वर राहील हे आज ओळखायचे कसे? आम्हाला तरी ते जमलेले नाही. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत आम्ही इंडेक्सच सुचवतो. मिडकॅप-स्मॉलकॅपमध्ये, म्हणजे मध्यम आणि लहान कंपन्यांत, आमचे मत इतके ठाम नाही.

इंडेक्स म्हणजे सुरक्षित, असे मात्र समजू नका. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,२०० पर्यंत गेला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो ८,००० च्या खाली उतरला. जुना उच्चांक ओलांडायला २०१३ ची दिवाळी उजाडली. इंडेक्स फंड त्या घसरणीत तुमच्यासोबत पूर्ण खाली जातो. मधे थांबवणारा कोणी नसतो. मुलीचे लग्न तीन वर्षांवर असेल तर ते पैसे एफडीतच राहू द्या. निर्देशांकातली एखादी कंपनी बुडाली तरी फंड तसाच तिच्यासोबत खाली जातो. ७ जानेवारी २००९ ला सत्यमचा घोटाळा बाहेर आला आणि काही दिवसांत ती निफ्टीतून गेली, पण शेअर कोसळला तेव्हा ती इंडेक्समध्येच होती. तोटा आधी, हकालपट्टी नंतर.

एकाच निर्देशांकाचे चार फंड घेऊन जोखीम विभागली जात नाही. अशी फाइल आमच्याकडे आली आहे: चार फंड कंपन्या, चार फोलिओ (खाते क्रमांक), आत तेच ५० शेअर. निफ्टी आणि सेन्सेक्स दोन्ही घेणेही जवळपास तसेच. एक पुरे. तो निवडताना एक्स्पेन्स रेशोबरोबर ट्रॅकिंग डिफरन्स पाहा, म्हणजे फंड निर्देशांकाच्या किती मागे राहिला. तुलना टीव्हीवर दिसणाऱ्या निफ्टीशी नको. लाभांश धरलेल्या टोटल रिटर्न इंडेक्सशी करा. ईटीएफला डिमॅट (शेअर ठेवायचे खाते) लागते आणि उलाढाल कमी असेल तर एनएव्हीपेक्षा वेगळ्या भावात व्यवहार होतो. महिन्याला ठरलेला हप्ता (एसआयपी) भरणाऱ्याला साधा इंडेक्स फंड सोयीचा.

आमचे पोट कशावर चालते

आम्ही वितरक आहोत. रेग्युलर प्लॅनमधून, म्हणजे वितरकामार्फत, घेतलेल्या फंडावर आम्हाला कमिशन मिळते आणि ते तुमच्याच एक्स्पेन्स रेशोमधून जाते. इंडेक्स फंडावरचे कमिशन बरेच कमी असते. त्याचे नाव कुठल्याच काउंटरवर फारसे ऐकू येत नाही, त्याचे कारण आता तुम्हीच ओळखा. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचा डायरेक्ट प्लॅन उपलब्ध आहे. फंड तोच, वितरकाचे कमिशन नाही. मोबाइलवर केवायसी करून स्वतः एसआयपी लावता येत असेल आणि बाजार पडल्यावर ती बंद करायची घाई होत नसेल, तर डायरेक्टच घ्या. आमची गरज नाही. फॉर्म, नॉमिनी बदल, वारसाची कागदपत्रे यासाठी माणूस हवा असेल तर आम्ही आहोत, आणि त्याचे पैसे तुम्ही देत आहात हे ठाऊक असू द्या.

किती देता, तेही कळते. मार्च आणि सप्टेंबरअखेरच्या सहामाही एकत्रित स्टेटमेंटमध्ये वितरकाला गेलेले कमिशन रुपयांत छापलेले असते. तीच तुमची पट्टी. बहुतेक जण ती ईमेल उघडतच नाहीत.

आधीचे रेग्युलर युनिट डायरेक्टमध्ये नेणे म्हणजे कायद्याने विक्रीच. एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्यास होणारी कपात) लागतो का ते पाहा आणि कराचा हिशोब करा: २३ जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के, त्यानंतर आर्थिक वर्षात सव्वा लाखावरच्या नफ्यावर १२.५ टक्के. नवे हप्ते डायरेक्टमध्ये सुरू करून जुने सावकाश हलवलेले बरे.

येताना पॅन, आधार, रद्द केलेला चेक आणि शेवटचे सहामाही स्टेटमेंट आणा. स्टेटमेंट सापडत नसेल तर पॅनला जोडलेला ईमेल आयडी सांगा, इथेच काढून देतो. शनिवारी गर्दी असते. जमल्यास मधल्या वारी या.

म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन आहे. योजनेशी संबंधित सर्व कागदपत्रे काळजीपूर्वक वाचा.