पोर्शे ९१४ : चासीचे मजबुतीकरण

पोर्शे ९१४ या दोन आसनी, मध्यइंजिनी स्पोर्ट्स गाडीच्या सांगाड्यावर जादा पोलादी पत्रे वेल्ड करून तो पिळाला आणि वाकाला घट्ट करण्याचे काम. फोक्सवागन आणि पोर्शे यांनी मिळून काढलेली ही गाडी १९६९ च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि १९७६ पर्यंत बनत राहिली. उघड्या छताच्या बऱ्याच जुन्या गाड्यांवर असे काम होते. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या सिलमधले, म्हणजे दारांखालच्या पोकळ भागातले, पत्रे बदलणे हा तर तिकडच्या गॅरेजांचा जुना धंदा आहे. ९१४ चा मामला मात्र वेगळा. इथे गाडीची रचना आणि बॅटरीची जागा या दोघींनी मिळून हे काम मालकाच्या गळ्यात घातले आहे.

‘चासी’ हा शब्द इथे सवयीने वापरतात. ट्रकला असते तशी वेगळी चासी ९१४ ला नाही. ओस्नाब्रुक येथील कारमान कारखान्यात पत्र्याचे दाबून काढलेले भाग स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिपक्याठिपक्यांच्या वेल्डने, जोडून बॉडी तयार होई आणि तीच सगळा भार वाही. छताचा फायबरग्लासचा तुकडा हातांनी उचलून मागच्या डिकीत ठेवता येतो, त्यामुळे भार वाहण्यात त्याचा हिशेब धरायचा नाही. आसनांमागची रुंद कमान बळकट आहे, पण ती फक्त मागच्या टोकाला. पुढच्या आणि मागच्या धडांना जोडून ठेवतात ते मधला बोगदा, तळाचा पत्रा आणि दारांखालून जाणाऱ्या दोन पोकळ पेट्या. या पेट्यांना ९१४ वाले नुसते ‘लाँग’ म्हणतात. हीटरची गरम हवाही याच पोकळ्यांतून केबिनमध्ये येते.

लाँगचे बळ कशात आहे हे बुटांच्या खोक्यावरून कळते. झाकण चिकटवलेला खोका पिळून पाहा, मग एका बाजूची चिकटपट्टी फाडून पुन्हा पिळा. बंद पेटीचा पिळाविरुद्धचा ताठपणा छेदात कोंडलेल्या क्षेत्रफळाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, तर पत्र्याच्या जाडीच्या फक्त सरळ प्रमाणात. पेटीचा सांधा उघडला की तो ताठपणा जवळजवळ नाहीसाच होतो. म्हणून गंजाने पत्रा पातळ होण्यापेक्षा सांध्याची कड सुटणे जास्त घातक, आणि वरून कितीही जाड पत्रा ठोकला तरी पेटी बंद झाली नाही तर त्याचा उपयोग थोडा. या कामातले बरेचसे वाद एवढे लक्षात घेतले की मिटतात.

हा सांधा सुटतो बॅटरीमुळे. बॅटरी इंजिनाच्या कप्प्यात उजव्या कोपऱ्यात बसते आणि वरची जाळी उघडी, म्हणजे पाऊस थेट आत. बॅटरीच्या तोंडातून निघणारी आम्लाची वाफ आणि ते पाणी मिळून आधी ट्रे खातात, मग ट्रेखालचा आधार, मग उजवा लाँग आणि शेवटी मागच्या सस्पेन्शनचा हात ज्याला टांगलेला असतो ते कन्सोल. इंग्रजी बोलणाऱ्या हौशी मंडळींनी या कोपऱ्याचे नाव ‘हेल होल’ ठेवले आहे. नरकाचे बीळ म्हणा. वरून रंग शाबूत दिसतो आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबले की ते सरळ आत जाते. कन्सोल सरकले की त्या बाजूच्या मागच्या चाकाची दिशा आणि कल बिघडतो. गाडी एका बाजूला ओढू लागते आणि मालक टायरवाल्याकडे खेपा घालत बसतो.

मधोमध खचलेली ९१४ दारांवरून ओळखता येते. दाराच्या मागच्या कडेची फट वर अरुंद आणि खाली रुंद झालेली असते. दुसरी परीक्षा जॅकची. दार बंद करून त्या बाजूच्या जॅकच्या जागेखाली गाडी उचलायची आणि मग दार उघडायचे. खिळखिळ्या गाडीचे दार अडकते किंवा एकदा उघडले की परत लागत नाही.

मजबुतीकरणाचे पत्रे मुख्यतः तीन जागी बसतात. केबिनच्या बाजूने लाँगच्या आतल्या अंगाला, पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत. बाहेरच्या अंगाला, जिथे स्क्रूने बसणारी सिलची पट्टी नंतर सगळे झाकून टाकते. आणि मागच्या सस्पेन्शनच्या कन्सोलभोवती. ही तिसरी जागा खुद्द पोर्शेच्या स्पर्धा विभागाने शिकवलेली. ९१४/६ जीटी या शर्यतीच्या गाड्यांच्या मागच्या भागात जादा तुकडे वेल्ड केलेले असत. अशाच एका गाडीने १९७० च्या ल मां २४ तासांच्या शर्यतीत जीटी वर्ग जिंकला आणि एकूणात सहावा क्रमांक मिळवला. हल्ली तयार कापलेल्या पत्र्यांचे संच मिळतात. पत्रा साधारण सव्वा मिलिमीटरचा, साध्या मऊ पोलादाचा. वजनाची धास्ती घेण्याचे कारण नाही, कारण १.२ मिमी जाडीच्या एक चौरस मीटर पत्र्याचे वजन सुमारे साडेनऊ किलो भरते.

संच स्वस्त असतात, मेहनत कामाच्या क्रमात आहे. मजबुतीकरण म्हणजे दुरुस्ती नव्हे. कुजलेल्या लाँगवर नवा पत्रा मारणे हा या धंद्यातला सर्वात जुना लबाडीचा प्रकार. वेल्ड धरायला खाली धातूच नसतो, आणि दोन पत्र्यांच्या फटीत ओल कोंडून उरलेलाही जातो. आधी कुजका भाग कापून तिथे त्याच आकाराचा तुकडा बसवायचा, आणि त्याच्याही आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारायचे. मग बेकेलाइटसारखा टणक झालेला डांबरी थर खरवडून पत्रा चकचकीत करायचा. पेट्रोलची टाकी आणि नळ्या गाडीतून बाहेर, बॅटरी बाहेर, आल्टरनेटरच्या तारा सोडवलेल्या. एवढे झाले की गाडी सपाट फरशीवर चारही बाजूंनी टेकवून पातळीत आणायची आणि दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलुपाच्या खांबापर्यंत आट्यांचा दांडा अडकवायचा. दांडा फिरवत फिरवत खचलेली चौकट हळूहळू पूर्वपदावर आणता येते. खचलेल्या अवस्थेत पत्रे मारले तर गाडी ताठ होते खरी, पण वाकडीच ताठ होते.

वेल्डिंग मिगचे, म्हणजे वायूच्या आवरणात सतत पुढे येणारी तार विजेने वितळवून केलेले. आपल्याकडच्या गॅरेजांत त्याला ‘सीओटू’ म्हणतात. पातळ पत्र्यासाठी मात्र निव्वळ कार्बन डायऑक्साइडपेक्षा आर्गॉनमिश्रित वायू बरा, ठिणग्या कमी उडतात. तार ०.६ किंवा ०.८ मिमीची. नव्या पत्र्याला ठरावीक अंतरावर सहा ते आठ मिमीची भोके पाडतात, तो शिकंजांनी खालच्या पत्र्याला घट्ट चिकटवतात आणि भोके वेल्डने भरतात, म्हणजे कारखान्याच्या स्पॉट वेल्डचीच नक्कल. ठिणगी भोकाच्या मध्यावर, खालच्या पत्र्यावर पेटवायची. तिथे वितळलेल्या धातूचे तळे झाले की गोल फिरवत कडेला यायचे. कडेपासून सुरुवात केली तर वरचा पत्रा भरतो, खालचा कोराच राहतो, आणि वरून पाहणाऱ्याला दोन्ही टाके सारखेच दिसतात. सेटिंग जमले की भजी तळल्यासारखा एकसारखा चर्र आवाज येतो. फटफट आवाज आला की तारेचा वेग किंवा व्होल्टेज चुकले आहे. खात्री करायची तर भंगारातल्या दोन तुकड्यांवर टाका मारून छिन्नीने ते वेगळे करून पाहावेत. चांगला टाका सुटत नाही, पत्र्यातूनच बटण उपटून येते.

कडा एका दमात शिवायच्या नाहीत. एक मीटर पोलाद १०० अंश सेल्सिअसने तापले की १.२ मिमी वाढते. वेल्डजवळचा भाग तापून फुगतो, पण भोवतीचा थंड पत्रा त्याला अडवून धरतो, आणि निवताना तो मूळच्यापेक्षा आखूड होऊन सगळ्याला आपल्याकडे ओढतो. म्हणून दोन-तीन सेंटिमीटरचा टाका इथे, पुढचा हातभर लांब, मग दुसऱ्या बाजूच्या लाँगवर, आणि मध्ये हात लावता येईल इतके निवू द्यायचे. थोड्या थोड्या टाक्यांनंतर दार लावून फट पाहायची. घाई करणाऱ्याची डावीकडची दारफट संध्याकाळी उजवीकडच्याशी जुळत नाही. पत्र्याचे टोक काटकोनात तोडू नये, निमुळते करावे. ताठ भाग जिथे एकदम संपतो तिथे ताण साचतो आणि काही वर्षांनी बरोबर त्याच रेषेवर तडा जातो.

धूर आणि आग या दोन गोष्टी हलक्यात घेऊ नयेत. जस्त सुमारे ९०७ अंशांना उकळते आणि पोलाद वितळायला १,४०० च्या पुढे जावे लागते, त्यामुळे जस्ताचा प्रायमर लावलेल्या पत्र्यावर वेल्ड करताना पांढरा धूर निघतोच. तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आतल्या कोपऱ्यात राहिलेले डांबर काम संपल्यावरही धुमसत राहते, म्हणून शेवटच्या टाक्यानंतर गॅरेजला लगेच कुलूप लावत नाहीत.

मूळ ९१४ चे १.७ लिटरचे फोक्सवागन इंजिन ८० अश्वशक्तीचे, सहा सिलिंडरच्या ९१४/६ चे ११०. एवढ्या जोरासाठी निरोगी सांगाडा पुरतो. अमेरिकेत मात्र या गाडीत मोठे व्ही-८ इंजिन बसवण्याची हौस फार, आणि तिथे मजबुतीकरण आधी व इंजिन नंतर हाच शहाणपणाचा क्रम. मूळ अवस्थेला किंमत देणारे संग्राहक दिसणाऱ्या जादा पत्र्यांवर नाक मुरडतात. ऐतिहासिक गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांतले परिशिष्ट के लागू होते आणि त्या काळात त्या गाडीवर नव्हते ते चालत नाही, त्यामुळे तिथे उतरणाऱ्याने नियम आधी वाचलेला बरा.

वेल्डिंगच्या धगीने पेटीच्या आतला रंगही जळतो, आणि तिथे हात पोचत नाही. बाहेरून प्रायमर आणि सांध्यांवर सीलर लावून झाल्यावर लांब नळीच्या फवाऱ्याने पोकळीत मेण मारतात आणि ते पाणी जायच्या भोकांतून ठिबकू लागेपर्यंत मारत राहतात. ही भोके नव्या पत्र्याखाली बुजलेली नाहीत ना, हे त्याच वेळी कळते. जुना ट्रे जाऊन नवा येतो, आणि त्यात बहुतेक जण आता सीलबंद बॅटरी बसवतात.