त्या 'त्यागी हरिणी'ची खरी गोष्ट

तीन चित्ते, मधोमध ताठ मानेने शांत उभी हरिणी. 'पिल्लांना पळता यावं म्हणून आईनं स्वतःला चित्त्यांच्या हवाली केलं, फोटो काढणारा नैराश्यात गेला' हा मजकूर 2017 पासून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. मातृदिनाला तर हमखास येतो.

हा फोटो 2013 मध्ये केनियातल्या मसाई मारात अ‍ॅलिसन बुटिजीज यांनी काढला. त्या बाई आहेत आणि नैराश्याची गोष्ट खोटी आहे, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितलं. आई फोटोत आहे, पण ती चित्त्यांची! नराशा नावाची ही मादी आपल्या वाढत्या पिल्लांना शिकार शिकवत होती. तिनं ही हरिणी (इम्पाला जातीची) धरून दिली, पण पिल्लांना नीट मारता येईना. म्हणून हरिणी इतका वेळ उभी दिसते.

आणि तो 'शांतपणा'? भीतीनं गोठणं. पकडीत सापडलेले अनेक प्राणी असेच निश्चल होतात. धडपड थांबली की कधीकधी पकड सैल पडते. उंदीर मांजरीच्या तोंडात लुळा पडतो, त्याला आपण त्याग म्हणत नाही. हरिणीचे डोळे मोठे, एवढाच काय तो फरक.