छिद्रांची नळी आणि मुलाम्याची गोळी : आमच्या परवानाधारक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ज्या पिस्तुलाच्या नळीला तोंडाजवळ वरच्या बाजूने छिद्रे पाडलेली आहेत, म्हणजेच ज्याला पोर्टेड बॅरल म्हणतात, त्या पिस्तुलात तांब्याचा केवळ मुलामा दिलेल्या गोळ्या वापरू नयेत, अशी आमची आपणांस आग्रहाची विनंती आहे. आयुध निर्माणीच्या ०.३२ बोअरच्या पिस्तुलांची आणि रिव्हॉल्व्हरांची नळी अखंड असते, त्यामुळे त्या ग्राहकांना ही विशिष्ट अडचण येत नाही. परदेशी बनावटीचे नेमबाजीचे पिस्तूल बाळगणाऱ्यांनी मात्र पुढील मजकूर सावकाश वाचावा.

ही छिद्रे कशासाठी असतात, हे आधी पाहू. बार होताच गोळीमागे तप्त वायूचा प्रचंड दाब निर्माण होतो आणि त्या धक्क्याने पिस्तुलाचे तोंड वर उसळते. गोळीचा तळ छिद्रांपलीकडे जाताच यातला काही वायू वरच्या दिशेने बाहेर पडतो, तो तोंडाला खाली दाबतो आणि नेमबाजाला पुढचा नेम लवकर धरता येतो. मात्र ज्या वाटेने वायू वर येतो, त्याच वाटेने गोळीपासून सुटलेला धातूचा कणही वर येऊ शकतो, आणि वर, थोडे मागे, नेमबाजाचा चेहरा असतो.

आता गोळीकडे वळू. इतवारीच्या सराफ्यात दागिना घेताना तो घडीव सोन्याचा आहे की मुलाम्याचा, हे आपण विचारल्याशिवाय राहत नाही, कारण वरून दोन्ही सारखेच चमकतात. गोळ्यांचेही तसेच आहे. जॅकेटच्या गोळीत तांबे-जस्ताच्या मिश्रधातूची स्वतंत्र वाटी ओढून तिच्यात शिसे घट्ट बसवलेले असते. मुलाम्याच्या गोळीत शिशाचा गाभा रासायनिक द्रावणात ठेवून विजेच्या प्रवाहाने त्यावर शुद्ध तांब्याचा थर चढवतात. हा थर बहुधा मिलिमीटरच्या एक ते दोन दशांशांइतकाच असतो आणि मऊ असतो. नळीतल्या आट्या गोळीवर चरे पाडतात तेव्हा हा पातळ थर आधीच ताणला जातो, आणि पुढे छिद्राच्या धारदार कडेवरून वेगाने जाताना तो सोलला जाण्याचा, त्याचे आणि आतल्या शिशाचे कण वर उडण्याचा धोका असतो. जे कण उडत नाहीत ते छिद्रांच्या कडांना चिकटतात, छिद्रे अरुंद होतात आणि ज्या उपयोगासाठी ती पाडली तोच उपयोग उरत नाही. साध्या शिशाच्या गोळ्यांनाही हेच लागू आहे. याच कारणाने काही पिस्तूल उत्पादक छिद्रांच्या नळीत केवळ जॅकेटच्या गोळ्या वापरण्यास सांगतात. आपल्या पिस्तुलाच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे, तेच अंतिम मानावे.

नुसत्या डोळ्यांनी फरक ओळखता येईल, अशी अपेक्षा ठेवू नये. चुंबक लावून पाहण्याचा सल्लाही अनेकदा दिला जातो, परंतु चुंबकाने फार तर आवरणात पोलाद आहे का, हे कळते. मुलामा आणि जॅकेट यांतला भेद कळत नाही. काडतुसातून गोळी उपसून पाहण्याचा प्रयत्न तर कधीही करू नये. डब्यावरील मजकूर वाचावा. त्यावर ‘टीएमजे’ (टोटल मेटल जॅकेट, म्हणजे पूर्ण धातूचे आवरण) असे लिहिलेल्या गोळ्यांपैकी काहींचे आवरण मुलाम्याच्याच पद्धतीने, पण जाड चढवलेले असते, म्हणून अशा वेळी आम्हांला अवश्य विचारावे.

०.२२ बोअरची गोष्ट थोडी निराळी आहे. ती काडतुसे बहुतेक शिशाचीच असतात, काहींवर तांब्याचा अतिशय पातळ थर असतो, आणि त्यासाठी घडवलेल्या छिद्रांच्या नळीत तीच वापरावी लागतात. तेथे उपाय एकच, छिद्रांची वारंवार सफाई. आमच्याकडे सफाईसाठी येणाऱ्या अशा पिस्तुलांच्या छिद्रांत शिशाचा कठीण थर बसलेला आढळतो, आणि तो टोकदार हत्याराने खरवडल्यास नळीच खराब होते.

गोळी कोणतीही असो, छिद्रांच्या नळीचे पिस्तूल छातीजवळ किंवा चेहऱ्याखाली धरून चालवू नये, आणि नेमबाजीचा चष्मा व कानांचे संरक्षण यांत सवलत घेऊ नये. बार फुसका वाटला, आवाज किंवा धक्का नेहमीपेक्षा कमी भासला, तर दुसरा बार मुळीच करू नये. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून किमान ३० सेकंद थांबावे, शस्त्र रिकामे करावे आणि मगच नळी तपासून घ्यावी.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत उष्णता त्याहून कितीतरी अधिक होते. दीर्घकाळ उष्णता लागल्यास काडतुसातील दारू खराब होते, म्हणून काडतुसे गाडीच्या कप्प्यात राहू देऊ नयेत. ती मूळ डब्यात, थंड व कोरड्या जागी, शस्त्रापासून वेगळी कुलपात ठेवावीत. त्यांना तेल लावू नये.

आपल्या साध्या नळीला हिंगणा एमआयडीसीतील एखाद्या लेथवर छिद्रे पाडून मिळतील का, अशी विचारणा आमच्याकडे होते. कृपया तसे करवून घेऊ नये. विनापरवाना कारागिराने शस्त्राच्या नळीवर काम करणे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे, आणि नळीच्या दाबाचा हिशेब न करता पाडलेले छिद्र पहिल्याच बाराला नळी फाडू शकते.

काडतुसे घेण्यास येताना मूळ परवाना, पिस्तुलाची पुस्तिका आणि शक्य असल्यास आधीच्या काडतुसांचा रिकामा डबा सोबत आणावा. त्यावरून योग्य गोळी सुचवणे आम्हांला सोपे जाते.